लांग्झाचा होमस्टे आणि फॉसिल वॉक: स्पितीला जाताय तर एक रात्र इथे काढाच

तीन वर्षांपूर्वी एका टूरवाल्यांबरोबर हिमाचलातल्या स्पितीला गेलो होतो तेव्हा लांग्झा या गावाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली, बुद्धाच्या मूर्तीपाशी फोटो काढा आणि बसा गाडीत. ती चुटपुट राहिली होती म्हणून यंदा मी, बायको आणि 12 वर्षांची लेक असे आपले आपण काझाहून टॅक्सी करून गेलो आणि गावातल्या एका घरी दोन रात्री राहिलो.

घर मातीचं, खोली साधी, रजया जाडजूड, टॉयलेट कोरडं म्हणजे पाण्याऐवजी माती टाकायची, त्याची मनाची तयारी ठेवा. जेवण चांगलं, रात्री गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) मिळाला की बाकी काही लागत नाही.

पण खरी गंमत सकाळच्या वॉकची. घरातलाच मुलगा घेऊन जातो, हिंदी छान बोलतो आणि अजिबात घाई करत नाही. गावाच्या वर थोडं चढलं की काळी भुसभुशीत शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, लागते, पायाखाली पापुद्रे मोडतात, आणि त्यात गोल गोल काळे गोटे. एक गोटा आधीच दुभंगलेला होता, त्याने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि आतली वेटोळी अशी काही उठून दिसली की लेक जमिनीवर पालथीच पडली बघायला, एकेका कंगोऱ्यावरून बोट फिरवत होती. अमोनाइट. समुद्रातला शंखवाला जीव, दगड झालेला म्हणजेच फॉसिल, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आम्ही उभे 4,400 मीटरवर! आजीच्या देवघरातला शाळिग्राम आठवला, तो नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात मिळतो आणि त्यातलं चक्र म्हणजे अशाच अमोनाइटची वेटोळी, इतकी वर्षं त्याला गंध लावलं पण हे कधी कळलंच नव्हतं.

मग त्याने समोरच्या कड्याकडे बोट दाखवलं. आपल्याला सह्याद्रीत आडवे थर बघायची सवय, लाव्हा थरावर थर साचला, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बऱ्यापैकी तसाच राहिला. इथे मात्र थर उभे, तिरके, काही तर चक्क दुमडून परत फिरलेले. इथे टेथिस समुद्र होता, भारत दक्षिणेकडून सरकत आला तसा त्याचा तळ जड म्हणून आशियाखाली जात राहिला, पण साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीनच येऊन भिडली आणि ती हलकी, सहजासहजी खाली जाईना, मग पृथ्वीचं कवच चुरगळलं, थर तुटून एकमेकांवर चढले आणि समुद्राकाठचा गाळ वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकसुद्धा समुद्रातलाच. हे शाळेत वाचलेलं, पण तो दुमडलेला कडा बघताना पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आणि हे थांबलेलं नाही, आपली प्लेट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो कवचाचा तुकडा, अजून वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतेय, म्हणजे लेक जन्मल्यापासून अर्धा मीटर तरी. त्याने साचलेला दाब कधीतरी सुटतो आणि भूकंप होतो, 1905 चा कांगडा, 2015 चा नेपाळ. तिथे उभं राहून हे ऐकताना पोटात कालवलं.

एक गोष्ट फार आवडली, लेकीने एक छोटा तुकडा खिशात टाकला तर त्याने शांतपणे काढून जागेवर ठेवायला लावला. गावात फॉसिल विकायला येतात, कृपा करून घेऊ नका, असेच सगळे उचलत राहिले तर डोंगरावर उरणार काय.

तक्रार एकच. आम्हाला 11 ला काढलं आणि दुपारी वारा इतका सुटला की शेवटचा टप्पा सोडावा लागला. तुम्ही 8 लाच निघायचं असं आदल्या रात्री सांगून ठेवा. आणि उंचीची सवय व्हायला आधी दोन रात्री काझाला काढा, बायकोचं डोकं पहिल्या दिवशी खूप दुखलं. माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा त्या वाऱ्यापायी कापला.