नव्या मेंबरला पहिल्या दिवशी किती ॲव्हरेज द्यायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली आणि बंदरावरच्या निम्म्या लोकांच्या संध्याकाळी रिकाम्या. आमची बोलिंग लीग (क्रिकेटचं नव्हे, बॉल घरंगळवून दहा पिना पाडायचं बोलिंग) नेमकी याच दोन महिन्यांत चालते. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात एका रिसॉर्टमध्ये चार लेन, म्हणजे बॉल सोडायच्या लांब पट्ट्या, आहेत, तिथे नऊ शनिवार, दर शनिवारी तीन गेम. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत भजी. हिशोबाची वही माझ्याकडे असल्यामुळे दर जूनला तोच प्रश्न माझ्याच गळ्यात पडतो: हा जो नवा आलाय, त्याचं ॲव्हरेज काय धरायचं?

ॲव्हरेज, म्हणजे गेममागे सरासरी गुण, ठरल्याशिवाय हँडिकॅप, म्हणजे कमी पाडणाऱ्याला दर गेमला वरून मिळणारे गुण, निघत नाही आणि हँडिकॅपशिवाय आमच्यासारखी मिसळीची लीग चालत नाही. आमचा हिशोब साधा आहे. बेस २००. त्यातून ॲव्हरेज वजा करायचं, उरेल त्याचे ९० टक्के, अपूर्णांक सोडून द्यायचा. १६८ वाल्याला २८ पिना (गुणांना आम्ही पिनाच म्हणतो) मिळतात, १२४ वाल्याला ६८. जुन्या मेंबरचं ॲव्हरेज वहीत असतं. नव्याचं जे काही लिहाल तो अंदाजच, आणि अंदाज थोडाफार चुकणारच. म्हणून पद्धत निवडताना मी एवढंच बघतो की चूक झाली तर ती कोणाच्या पदरात पडते: नव्या मेंबरच्या, त्याच्या टीमच्या की समोरच्या टीमच्या?

पहिली पद्धत सगळ्यांत प्रचलित: पहिल्या रात्रीचे तीन गेम हेच ॲव्हरेज, आणि त्याच रात्रीला तो हँडिकॅप मागाहून लावायचा. गेल्या वर्षी आमच्याकडे एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आला. भाड्याचे बूट हातात दिले तर तळवा उलटा करून बघत म्हणाला, “ह्ये घालून पाय घसरतलो मा माझो?” पाय घसरण्यासाठीच ते बूट असतात, हे त्याला पटवण्यात पाच मिनिटं गेली. आयुष्यभर ओल्या फळीवर पाय रोवून उभा राहिलेला माणूस तो. बॉल मात्र असा सोडायचा की मागच्या पडद्यावर धाडकन आवाज यायचा. कधी हेडपिन, म्हणजे सगळ्यांत पुढची पिन, फुटायची, कधी बॉल गटरमध्ये, म्हणजे कडेच्या नालीत. गेम झाले ८८, १२१ आणि १०९. बेरीज ३१८, ॲव्हरेज १०६, हँडिकॅप ८४. तिन्ही गेमना धरून ३१८ अधिक २५२, म्हणजे ५७०.

या पद्धतीची गंमत अशी की पहिल्या रात्री नवा माणूस कसाही खेळला तरी फारसा फरक पडत नाही. त्याच तीन गेममध्ये तो १७० च्या ॲव्हरेजने खेळला असता तर ५१० अधिक ८१, म्हणजे ५९१. कुठे १०६ आणि कुठे १७०, पण बेरजेत फरक फक्त २१ पिनांचा. त्यामुळे पहिल्या रात्री कोणावर अन्याय होत नाही, नवा माणूसही हिरमुसत नाही.

अडचण दुसऱ्या शनिवारी येते. पहिल्या रात्री जवळजवळ प्रत्येकजण आपल्या लायकीपेक्षा कमी पाडतो. बॉल अंगाला बसलेला नसतो, बूट नवे, लोक बघत असतात. दुसऱ्या आठवड्यात तांडेलाने ४०२ पाडल्या, म्हणजे गेममागे १३४, आणि हँडिकॅप मात्र जुनाच, ८४. समोरच्या टीममधले एक काका उठून उभे राहिले: “ह्येका येवढ्यो पिनी फुकट कोणी दिल्यो?” प्रश्न रास्त होता. पुढे त्याचं ॲव्हरेज १२० झालं, मग १२५, चौथ्या आठवड्याअखेर १२७. हँडिकॅप ८४ वरून ७२, ६७ आणि ६५ असा उतरला. पहिल्यापासून ६५ धरला असता तर त्या दुसऱ्या शनिवारी त्याच्या टीमला ५७ पिना कमी मिळाल्या असत्या. ती मॅच त्यांनी ३१ पिनांनी जिंकली.

हा नियम अमेरिकन लीगांमधून आपल्याकडे आला. तिकडचा सीझन सप्टेंबरला सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालतो, तीस-तीस आठवडे. तीस आठवड्यांत पहिल्या दोन-तीन आठवड्यांची चूक कोणाच्या लक्षातही राहत नाही. आमच्या नऊ आठवड्यांत मात्र तेवढ्याने पॉइंट टेबल फिरतं. नियम उचलताना सीझनची लांबी सोबत येत नाही, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

याच पद्धतीत लबाडीलाही जागा आहे. पहिल्या रात्री मुद्दाम कमी पाडायच्या आणि नंतर मोकळं खेळायचं. बोलिंगच्या भाषेत याला सँडबॅगिंग म्हणतात. एका वर्षी एकजण पहिल्या रात्री शेवटच्या फ्रेममध्ये (गेममधल्या शेवटच्या पाळीत) सोपे स्पेअर, म्हणजे दुसऱ्या बॉलने पाडायच्या उरलेल्या पिना, सोडत होता आणि पुढच्या आठवड्यापासून त्याचे एकदम १६० यायला लागले. सिद्ध काय करणार? सोडलेला स्पेअर आणि चुकलेला स्पेअर वहीत सारखाच दिसतो.

दुसरी पद्धत म्हणजे ठोक ॲव्हरेज. येईल त्याला १४० आणि तीन आठवडे तेच. सेक्रेटरीसाठी ही सगळ्यांत सोपी, लबाडीचा मार्गही बंद. पण तांडेलाला १४० धरलं असतं तर हँडिकॅप ५४, त्या रात्रीची बेरीज ४८०. पहिल्या पद्धतीपेक्षा ९० पिना कमी. म्हणजे चूक सगळी नव्या माणसाच्या आणि त्याच्या टीमच्या माथी. असा माणूस दुसऱ्या शनिवारी “जाळ्याचं काम आहे” म्हणतो आणि परत दिसत नाही. उलट खरोखर १७० पाडणारा कोणी आला तर त्याला २७ ऐवजी ५४ मिळतात आणि त्याच्या टीमला एका रात्रीत ८१ पिनांची खिरापत. कमकुवताला मार आणि तयार खेळाडूला बक्षीस, त्यामुळे मला ही पद्धत आवडत नाही. काही ठिकाणी पुरुषांना एक आकडा आणि बायकांना दुसरा असतो, ते तर मला अजिबातच समजत नाही. आमच्या एका वहिनींचं ॲव्हरेज १५१ आहे. फरक भरून काढायला हँडिकॅप आहेच, मग आधीच अंदाज बांधून ठेवायची घाई कशाला?

ज्याच्याकडे आधीचं रेकॉर्ड आहे त्याच्यासाठी तिसरी पद्धत: मागच्या सीझनचं ॲव्हरेज जसंच्या तसं घ्यायचं. अमेरिकेतली युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, जी २००५ मध्ये तिथल्या जुन्या संघटना एकत्र करून झाली, ती मागच्या सीझनचं ॲव्हरेज धरायला किमान २१ गेमची अट घालते. ही अट मला पटते. तीन गेमचं ॲव्हरेज म्हणजे मूड, २१ गेमचं म्हणजे खेळ. पण मुंबईहून येणारा चाकरमानी “माझं १५८ आहे” म्हणतो तेव्हा मी दोन गोष्टी विचारतो. किती गेमचं? आणि कुठल्या लेनवरचं?

दुसरा प्रश्न आमच्याकडे जास्त महत्त्वाचा. आमच्या लेनवरच्या पिना दोरीच्या आहेत. प्रत्येक पिनच्या डोक्यातून एक दोरी वर मशीनमध्ये जाते, पडलेल्या पिना दोरीनेच उचलल्या जातात आणि कधीकधी दोन दोऱ्या एकमेकींत अडकून मशीन थांबतं. आडवी घसरत जाऊन शेजारणीला घेऊन पडणारी पिन इथे दोरीने अडखळते. त्यामुळे काही स्ट्राइक, म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाही पिना, नुसत्या दोरीमुळे हुकतात. अमेरिकन संघटनेनेही २०२३ मध्ये दोरीच्या पिनांचा प्रकार वेगळा धरला, मोकळ्या पिनांच्या खेळाबरोबर मोजला नाही. त्यातच लेनवरच्या तेलाचा प्रश्न. तेल किती आणि कुठपर्यंत लावलंय त्यावर बॉल कुठे वळतो ते ठरतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ते कोणी रोज मोजून लावत नाही.

त्या १५८ वाल्याचे आमच्याकडे पहिले नऊ गेम झाले तेव्हा ॲव्हरेज १४० होतं. त्याला हँडिकॅप मिळत होता ३७, आमच्या लेनच्या हिशोबाने मिळायला हवा होता ५४. गेममागे १७, रात्रीला ५१ पिनांचा तोटा, तोही रेकॉर्ड प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल. त्याच वेळी मुंबईत तीन वर्षं खेळून “मी नवीनच आहे” म्हणणाऱ्याला पहिल्या पद्धतीचा पूर्ण फायदा. सगळा गोंधळ यातच आहे.

चौथी पद्धत, लीग सुरू होण्याआधी नऊ गेम खेळून घ्यायचे आणि त्यावर ॲव्हरेज ठरवायचं. कागदावर सगळ्यांत न्याय्य हीच. पण त्या गेमचे पैसे कोण भरणार, आणि ३१ मेपर्यंत समुद्रावर असलेला माणूस येणार कधी? शहरात, लेन पायाखाली असताना ठीक.

मग यंदा काय केलं? ज्याच्याकडे मोकळ्या पिनांचं २१ किंवा जास्त गेमचं रेकॉर्ड आहे त्याचं ते ॲव्हरेज पहिल्या नऊ गेमपुरतंच धरतो, त्यानंतर फक्त आमच्या लेनवरचे गेम. तोटा झाला तर तीनच आठवडे. अगदी नव्या माणसाला पहिल्या रात्रीचं ॲव्हरेज, पण पहिल्या दोन आठवड्यांपुरता सगळ्यांत कमी गेम सोडून. तांडेलाचा हिशोब यात बसवून पाहिला: ८८ सोडले तर १२१ आणि १०९, ॲव्हरेज ११५, हँडिकॅप ७६. ८४ वरून ६५ कडे थोडा सरकलेला, आणि १४० च्या ठोक आकड्याइतका निर्दयही नाही. लबाडी करायची तर आता किमान दोन गेम वाया घालवावे लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून सोडलेला गेमही धरून नेहमीचा हिशोब.

तुमची लीग वीस आठवड्यांच्या वर चालत असेल तर एवढी कसरत करू नका, पहिल्या रात्रीचे तीन गेम पुरेत. सगळे मेंबर एकाच शहरातल्या एकाच प्रकारच्या लेनवरून येत असतील तर रेकॉर्डवर निर्धास्त विसंबा. ठोक आकडा घ्यायचाच असेल तर निदान एका रात्रीपुरता घ्या. आणि जे ठरेल ते पहिल्या शनिवारच्या आधी लिहून बुटांच्या काउंटरवर लावा. मॅच हरल्यावर ठरवलेला नियम कोणी मानत नाही.

नव्या माणसाला हँडिकॅप म्हणजे काय हेही आधीच सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी चौथ्या आठवड्यानंतर ६५ चा आकडा बघून तांडेल वही घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, “माका दंड कित्याक?” त्याचेच बारा गेम ओळीने लिहून दाखवले. तो कागद त्याने घडी घालून खिशात टाकला, आणि पुढच्या शनिवारी भाड्याचे बूट न सांगता घातले.