मलंकरा ऑर्थोडॉक्स कुर्बाना: कॅथलिकांनी जावं, पण चहा-पोळी खाऊन

भुसावळ-दीपनगरकडे मल्याळी शेजार असला की कधीतरी कुर्बानेचं, म्हणजे केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या मुख्य उपासनेचं, बोलावणं येतंच. जरूर जा. फक्त आपल्या कॅथलिक मिस्सेसारखंच असेल असं धरून गेलात तर फसाल.

मिस्सा तासाभरात आटोपते. इथे सकाळची प्रार्थना धरली तर अडीच-तीन तास, बहुतेक उभ्यानंच. ख्रिस्तप्रसाद (वेदीवर अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस) घेणारे आदल्या रात्रीपासून उपाशी असतात. तुम्ही तो घेणार नाही, मग मे महिन्याच्या उकाड्यात भोवळ येऊन पडण्यापेक्षा घरून खाऊन निघालेलं बरं. चपला दाराबाहेर, बायकांच्या डोक्यावर पदर किंवा ओढणी. पुरुष आणि बायका वेगळ्या बाजूंना उभ्या राहतात. शिरतानाच बघून घ्या.

उपासना मात्र अव्वल. वेदीपुढचा पडदा उघडतो, मिटतो. घुंगरं लावलेल्या गोल चकत्या नेमक्या महत्त्वाच्या क्षणी वाजतात, त्यामुळे मल्याळम येत नसलं तरी धागा सुटत नाही. अच्चन, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, पूर्वेकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे असतात. शांतीची खूण वेदीपासून हातोहात मागच्या रांगेपर्यंत येते. घ्या आणि पुढच्याला द्या. क्रुसाची खूण आपल्यासारखीच, डावीकडून उजवीकडे. उलटी करतात ते ग्रीक आणि रशियन. विश्वासांगीकारात (सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत) पवित्र आत्म्याबद्दल ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द नाहीत. सवयीनं ते मोठ्यानं म्हटले की आजूबाजूच्या माना वळतात.

खरा घोळ ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत. 1983 च्या कॅथलिक धर्मकायद्याचं कलम 844 म्हणतं की खरी गरज असेल आणि आपल्या फादरांपर्यंत पोचणं शक्यच नसेल, तर ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंकडून पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) घेता येतं. पण ही सूट आपल्या बाजूची. ऑर्थोडॉक्स मात्र ख्रिस्तप्रसाद स्वतःच्याच सभासदांना देतात, आणि अशा ठिकाणी हात आवरावा असं कॅथलिक चर्चच्याच 1993 च्या निर्देशिकेत आहे. अच्चनांपुढे तोंड उघडून उभं राहून त्यांना पेचात टाकू नये. 1984 चा पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क झक्का यांचा करार काहीजण पुढे करतात. तो सिरियन ऑर्थोडॉक्सांशी, म्हणजे इथल्या याकोबाइटांशी झाला. कोट्टायमच्या कॅथोलिकोसांच्या (प्रमुखांच्या) चर्चला, म्हणजे मलंकरा ऑर्थोडॉक्सांना, लागू नाही. दोघांची कुर्बाना जवळपास सारखीच दिसते, तेव्हा चर्च कुठलं ते यजमानांना आधीच विचारा. वाचन करायला मात्र त्यांनी बोलावलं तर कॅथलिकांना मुभा आहे.

आणि हो, कुर्बानेनं रविवारच्या मिस्सेचं कर्तव्य फिटत नाही. कलम 1248 ला कॅथलिक विधीच लागतो. शनिवारी संध्याकाळची मिस्सा धरा, रविवार मोकळा.

उपवासकाळात गेलात तर कपाळावर राख शोधू नका, आपल्या राखेच्या बुधवारऐवजी त्यांचा उपवास सोमवारीच सुरू होतो. मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद. यजमानांसाठी पेढे नेऊ नका. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी बिनधास्त चालेल.