युद्धकाळातल्या परिचारिकांच्या कादंबऱ्या: काही महिन्यांच्या वाचनानंतर

पहिल्या महायुद्धातल्या नर्सवरच्या इंग्रजी कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचल्या की साचा लवकर उघडा पडतो. सधन घरातली मुलगी, वडिलांचा विरोध, आघाडीवर गेलेला वाग्दत्त वर आणि शेवटच्या शंभर पानांत एखादा डॉक्टर. तेवढ्यावरून पुस्तक बाजूला टाकू नये. कस लागतो तो ड्रेसिंगच्या प्रसंगात.

तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या शेतांतली खताळलेली माती जखमेत गेली की गॅस गँगरीनची, म्हणजे जंतूंमुळे मांस झपाट्याने सडण्याची, भीती. त्यावर जखम जंतुनाशक द्रावणाने सतत धुण्याची कॅरेल-डेकिन पद्धत आली. आधी सर्जन मेलेलं मांस कापून काढत. ते राहिलं तर पुढचं सगळं वाया. मग टोक बांधलेल्या, बारीक भोकं पाडलेल्या रबरी नळ्या जखमेत बसवायच्या, भोवतीच्या कातडीवर व्हॅसलीन लावलेलं गॉज ठेवायचं आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, नळ्यांतून डेकिनचं द्रावण सोडायचं. त्यात हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ०.४५ ते ०.५ टक्के: जास्त झालं तर कातडी सोलवटते, कमी पडलं तर जंतू तगतात. द्रावण तापवायचं नाही, उजेडातही ठेवायचं नाही. त्याचा जोर उतरतो. जखमेतला स्राव काचपट्टीवर घेऊन जंतू मोजायचे, ते जवळपास संपले की टाके. एका वॉर्डात असे वीस रुग्ण धरा. नायिकेला पत्रं लिहायला फुरसत कुठून मिळते, हे लेखकाला सांगता आलं पाहिजे. चांगल्या कादंबऱ्यांत कथानक या दोन तासांच्या फेऱ्यांतूनच पुढे सरकतं.

चुका ठरलेल्या जागी होतात. १९१५च्या प्रसंगात वायूने अंगावर फोड आलेले दिसले तर समजावं की अभ्यास कच्चा आहे. एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला वापरला तो क्लोरीन, तो फुप्फुसं जाळतो. फोड आणणारा मस्टर्ड गॅस जुलै १९१७चा, आणि त्याची लक्षणं काही तासांनी दिसतात. सैनिकाच्या कपड्यांत तो राहतो, म्हणून कपडे उतरवणाऱ्या नर्सचेही डोळे चुरचुरत. हा तपशील फार थोड्यांनी वापरलाय.

दुसरी चूक म्हणजे खंदकात मलमपट्टी करणारी नायिका. जखमी माणूस रेजिमेंटच्या मदत चौकीवरून ड्रेसिंग स्टेशन, तिथून कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन (आघाडीच्या मागचं तात्पुरतं इस्पितळ), मग जखमींच्या रेल्वेगाडीने मोठ्या इस्पितळात जाई. ब्रिटिश लष्करी नर्स साधारणपणे क्लिअरिंग स्टेशनपासून पुढे भेटतात. बेल्जियममध्ये आघाडीलगतच्या पर्वीझ गावी तळघरात राहिलेल्या एल्सी नॉकर आणि मेरी चिझम हा अपवाद. पण क्लिअरिंग स्टेशन म्हणजे सुरक्षित जागा नव्हे: २१ ऑगस्ट १९१७ला ईप्रजवळच्या ब्रँडहुकच्या अशाच एका ठाण्यावर तोफगोळा पडून नेली स्पिंडलर ही नर्स मेली.

पोशाखावरूनही बरंच कळतं. राखाडी पोशाखावर लाल केप ही नियमित लष्करी नर्सची, राखाडी केपला लाल काठ असेल तर राखीव दलाची. व्हीएडी (व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट) या मदत पथकातल्या स्वयंसेविकेला सगळे ‘सिस्टर’ म्हणत असतील तर शंका घ्यावी, तो प्रशिक्षित नर्सचा हुद्दा. परदेशी कामगिरीसाठी तिचं वय किमान २३ लागे, त्यामुळे अठरा वर्षांची नायिका वय लपवून आलीय, हे कथेत यायला हवं.

मराठी वाचकाला एक उणीव जास्त जाणवेल. हिंदी सैनिक बहुधा एखाद्या परिच्छेदापुरते येतात. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधल्या त्यांच्या इस्पितळात गोऱ्या नर्सना प्रत्यक्ष शुश्रूषेपासून दूर ठेवलं होतं, ते काम पुरुष ऑर्डर्ली, म्हणजे मदतनीस, करत. मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुटच्या वेढ्यात ११७वी मराठा पलटण होती आणि तिथले जखमी जहाजाने मुंबईला येत. त्या जहाजावरची नर्स नायिका म्हणून मला अजून कुठे भेटलेली नाही.

एकच घ्यायची असेल तर आधी मधलं एखादं ड्रेसिंगचं पान उघडून बघा. ऑडिओबुक टाळा, ठाण्यांची नावं आणि दलांची आद्याक्षरं कानाने लक्षात राहत नाहीत.