फॅक्टोरिओ, बरेच महिने खेळून झाल्यावर

फॅक्टोरिओ या कॉम्प्युटर गेमचे जे रिव्ह्यू दोन-चार दिवस खेळून लिहिलेले असतात त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण पहिले काही तास हा गेम म्हणजे चक्क हमाली आहे. यान कोसळलंय, तुम्ही नॉविस नावाच्या ग्रहावर अडकलाय, दगड फोडा, झाडं तोडा, भट्टीत कोळसा टाका, लोखंड झालं की हाताने उचलून आणा. दिसायलाही मळकट, तपकिरी. इथेच कंटाळून सोडणारे बरेच असतात आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मी बरेच महिने हाच खेळतोय (बाकीचे घेतलेले गेम तसेच पडून आहेत), तेव्हा जे उशिरा लक्षात येतं त्याबद्दल लिहितो.

तर हा कारखाना वाढवायचा गेम असं सगळे म्हणतात, माझ्या मते हा तुंबलेलं मोकळं करायचा गेम आहे. हिरवी सर्किट्स कमी पडतायत म्हणून बघायला जावं तर मशिनी रिकाम्या बसलेल्या, कारण तांब्याची तार येत नाहीये, मग तारेला तीन मशिनी आणि सर्किटला दोन हे प्रमाण जमवायचं, ते जमलं की कळतं तांबंच पुरत नाही, भट्ट्या वाढवल्या तर खनिज पुरत नाही, ड्रिल वाढवले तर वीज पुरत नाही, आणि वीज वाढवेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते आणि मुळात आपण काय करायला निघालो होतो तेच आठवत नाही.

विजेची तर वेगळीच मजा. कोळसा काढणारे ड्रिल विजेवर, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे इन्सर्टर (माल उचलून ठेवणारे यांत्रिक हात) तेही विजेवर. लोड वाढला की दोन्ही मंदावतात, बॉयलरला कोळसा कमी मिळतो, वीज अजून कमी होते आणि बघता बघता सगळं ठप्प. कुठला शत्रू नाही, कुठली स्क्रिप्ट नाही, फक्त तुमचीच मांडणी. उपाय साधा आहे, बॉयलरपाशी कोळशावर चालणारे जुने इन्सर्टर लावा, ते जो कोळसा उचलतात त्यातलाच स्वतःला घेतात. पण हा उपाय गेम तुम्हाला हात धरून सांगत नाही, आणि मला तेच आवडतं.

शत्रू आहेत म्हणा, बायटर नावाचे किडे. धूर त्यांच्या वस्तीपर्यंत पोचला की हल्ले सुरू. झाडं धूर शोषतात, त्यामुळे जंगलाच्या बाजूने निवांतपणा आणि वाळवंटात सुरुवात झाली तर हाल. खरं सांगू का, मला लढाईचा भाग कधीच फार रुचला नाही. नवीन मॅप सुरू करताना शत्रू बंद करता येतात, नव्या लोकांनी बिनधास्त करावेत.

रेल्वे मात्र जीव लावून केलेली आहे. साधा सिग्नल आणि चेन सिग्नल (पुढचा सिग्नल मोकळा असेल तरच गाडी सोडणारा) यातला फरक कळेपर्यंत गाड्या चौकात एकमेकींची वाट अडवून उभ्या राहतात. चौकाआधी चेन, चौकानंतर साधा, एवढं धरून ठेवलं तरी बरंच काम होतं.

बनवणारे लोक प्रागचे, वूब सॉफ्टवेअर. 2013 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे केले, 2016 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेस (म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्री) आणि 14 ऑगस्ट 2020 ला पूर्ण झालेली 1.0 आवृत्ती. ती तारीख आधी सप्टेंबरची होती, सायबरपंक 2077 या बड्या गेमच्या फार जवळ नको म्हणून ऑगस्टमध्ये आणली (सायबरपंक पुढे डिसेंबरला आला ते सोडा). वूबचे लोक स्वतः आपला गेम खेळतात हे जागोजागी जाणवतं, म्हणजे एखादी गोष्ट शंभरदा करून हात दुखायला लागले की ती सोपी करणारं बटण आधीच कुठेतरी असतं. शुक्रवारच्या ब्लॉगमध्ये ते आतली कामं उघडून दाखवतात. माल वाहणाऱ्या बेल्टवरच्या प्रत्येक वस्तूची जागा सतत मोजत न बसता दोन वस्तूंमधलं अंतरच साठवायचं, मग अख्खी रांग एकदम सरकवता येते, हे तिथेच वाचलं. म्हणूनच हजारो वस्तू फिरत असतानाही साध्या लॅपटॉपवर गेम अडखळत नाही. प्रचंड कारखाना झाला की शेवटी सेकंदाला 60 अपडेटचा वेग घसरतोच, पण तिथवर पोचायला फार खेळावं लागतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेलं स्पेस एज हे एक्सपान्शन वेगळं घ्यावं लागतं. आधी साध्या गेमचं शेवटचं ध्येय असलेलं रॉकेट सोडा, मग घ्या, घाई नको. स्पेस एक्स्प्लोरेशन हा मोठा मॉड (खेळाडूने गेममध्ये घातलेली भर) बनवणाऱ्यालाच कंपनीने टीममध्ये घेतलं होतं, त्याचा हात दिसतो. व्हल्कॅनस या नव्या ग्रहावर लाव्हातून थेट वितळलेला धातू काढायचा, फुल्गोरावर भंगारातून उलटं सुटे भाग मिळवायचे, दोन्ही झकास. आणि मग ग्लेबा. तिथे माल सडतो. इतर सगळीकडे बेल्ट भरून ठेवणं ही चांगली सवय, इथे तीच अंगाशी येते, साठा केला की खराब, त्या ग्रहाचे सायन्स पॅकसुद्धा (संशोधनाला लागणारा माल) वाटेत नासत जातात. तिथल्या पेंटापॉड प्राण्यांची अंडी वेळेत वापरली नाहीत तर त्यातून प्राणी निघून मशिनीच तोडतात. बऱ्याच जणांना हा ग्रह नकोसा वाटतो. मला पटला, पण पटायला कारखाना दोनदा पाडून नव्याने बांधावा लागला आणि अंड्यांचा भाग अजूनही मला शिक्षाच वाटते.

घ्यायचा असेल तर सेलची वाट बघत बसू नका, हे लोक डिस्काउंट देत नाहीत, तसं त्यांनी जाहीरच केलंय. फुकट डेमो आहे, तो पूर्ण खेळा. डेमो संपल्यावर पण डोक्यात बेल्टच फिरत असतील तर घ्या. कथा, पात्रं, संवाद हवे असतील तर यात काही नाही. आणि मित्रासोबत मल्टिप्लेअर खेळणार असाल तर रेल्वे कोण बघणार ते आधी ठरवून घ्या, दोघांनी मिळून सिग्नल लावायला जाऊ नका.