पपेटियर: एचटीएमएलची पीडीएफ करायला झकास, पण डिफॉल्टवर विसंबू नका

वेब ॲपमधून इनव्हॉइस, रिपोर्ट, सर्टिफिकेट असलं काही काढायचं असेल तर माझं मत सरळ पपेटियरला. क्रोमवाल्यांनी 2017 मध्ये आणलेली नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) लायब्ररी, आत खराखुरा क्रोम चालतो, त्यामुळे फ्लेक्सबॉक्स, ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती), जावास्क्रिप्टने काढलेले चार्ट सगळं पीडीएफमध्ये उतरतं. आधी जिकडेतिकडे याच कामाचं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे टूल असायचं, पण त्याचं कोड रिपॉझिटरी जानेवारी 2023 मध्ये अर्काइव्ह झालं, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं उरलं, आणि आतलं वेबकिट हे ब्राउझर इंजिन इतकं जुनं की ग्रिड त्याला कळतच नाही. नवीन कामाला ते नकोच. जुन्या ॲपमध्ये टेबलांवर बांधलेलं लेआउट नीट निघतंय तर उगाच हात लावू नका.

मला पपेटियर आवडायचं मोठं कारण म्हणजे बिघाड शोधता येतो. तेच पान क्रोममध्ये उघडा, कंट्रोल-पी दाबा, तिथेच गडबड दिसली तर दोष तुमच्या सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणारा कोड), तिथे ठीक आणि सर्व्हरवर वेडंवाकडं तर दोष फॉन्ट, पाथ नाहीतर टायमिंगचा. एक पैसे भरायची सर्व्हिसपण वापरली होती (नाव घेत नाही), तिथे काही बिनसलं की नुसता 500 एरर, पुढे शोधा तुमचं तुम्ही.

आता डोकेदुखी. डिफॉल्ट सगळे उलटे आहेत. पीडीएफ काढताना पपेटियर प्रिंटसाठीचं वेगळं सीएसएस लावतो, म्हणून मेनू गायब, रंग गायब अशी बोंब होते. स्क्रीनसारखंच हवं असेल तर आधी मीडिया टाइप स्क्रीन करायचा. बॅकग्राउंड रंग छापणं बंद असतं, प्रिंट-बॅकग्राउंड ट्रू केल्याशिवाय टेबलाचं निळं हेडिंग पांढरंच येणार. कागद ए-फोर नाही, लेटर. हेडर-फूटरची तर वेगळीच तऱ्हा, त्यांना पानाचं सीएसएस लागूच होत नाही, फॉन्ट साइज तिथल्या तिथे इनलाइन द्यावी लागते आणि मार्जिन सोडली नाही तर हेडर दिसतच नाही.

लोगो येत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. एचटीएमएल स्ट्रिंग सेट-कंटेंटने दिली की त्या पानाला स्वतःचा पत्ताच नसतो, मग रिलेटिव्ह (अर्धवट) पाथ जाणार कुठे? पूर्ण यूआरएल द्या, नाहीतर इमेज बेस-64 (म्हणजे मजकुराच्या रूपात) करून आतच घाला. चार्टच्या जागी कोरा चौकोन आला तर पीडीएफ लवकर निघतेय. पान लोड झालं का हे बघायला वापरतात ते नेटवर्क-आयडल-झिरो सेटिंग म्हणजे 500 मिलिसेकंद एकही रिक्वेस्ट चालू नाही एवढंच, त्यानंतर चार्ट रंगवायला वेळ लागला तर ते त्याला कळत नाही. उलट पानावर सारखं पोलिंग करणारं (सर्व्हरला विचारत राहणारं) चॅट विजेट असेल तर ती शांतता येतच नाही आणि 30 सेकंदांनी टाइमआउट. त्यापेक्षा चार्ट पूर्ण झाला की पानातच एक फ्लॅग (खूण) लावा आणि वेट-फॉर-फंक्शनने त्याची वाट बघा.

डॉकरमध्ये (ॲप बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये चालवतात तिथे) गेलात की मराठी मजकुराच्या जागी चौकोन चौकोन येतात, कारण कंटेनरच्या छाटलेल्या स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. नोटो किंवा लोहित देवनागरी इन्स्टॉल करा, प्रश्न मिटला. क्रोम मधेच मरत असेल तर शेअर्ड मेमरी बघा, डॉकर डिफॉल्टने 64 एमबीच देतो, मोठ्या पानाला ती पुरत नाही. आणि प्रत्येक रिक्वेस्टला नवा ब्राउझर उघडू नका बुवा, एकच चालू ठेवून पान उघडा-बंद करा, एरर आला तरी पान बंद व्हायला हवं म्हणून ते बंद करणं कोडच्या फायनली ब्लॉकमध्ये.

एक भन्नाट बग सांगतो. फाइल डाउनलोड होते पण उघडत नाही, टेक्स्ट एडिटरमध्ये बघितलं तर 37, 80, 68, 70 असे आकडे! 23 व्या आवृत्तीपासून पपेटियर बफरऐवजी (नोडचा बाइट्स ठेवायचा प्रकार) यूइंट-8-ॲरे देतो आणि एक्सप्रेस 4 हे नोडचं वेब फ्रेमवर्क त्याला साधा ऑब्जेक्ट समजून जेसन करून पाठवतो. बफर-डॉट-फ्रॉममध्ये गुंडाळा, झालं काम.

जावास्क्रिप्टची गरजच नसेल, नुसता मजकूर आणि टेबलं असतील आणि बॅकएंड पायथनचा असेल तर मात्र वीझीप्रिंट बघा, हलकं आहे, पान क्रमांक-हेडर सीएसएसमधूनच होतात आणि जोडाक्षरंही नीट येतात. पीएचपीवाले डॉमपीडीएफ घेतात, इंग्रजी बिलाला चालून जातं पण मराठीत वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली, त्यापेक्षा एमपीडीएफ बरं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मेमरीसाठी, छोट्याशा सर्व्हरवर एका पावतीसाठी अख्खा क्रोम बसवायचा म्हणजे जरा अतीच होतं. आणि हो, युजरने दिलेलं एचटीएमएल जसंच्या तसं यात घालू नका, आयफ्रेममधून तुमच्या आतल्या नेटवर्कवरची पानं पीडीएफमध्ये छापून बाहेर जाऊ शकतात.