सोप्यातल्या टीव्हीसाठी आयपीएस की व्हीए?

निपाणीच्या आमच्या घरात टीव्ही सोप्यातल्या भिंतीवर आहे. आई समोर बसते, आम्ही दाराजवळ चटईवर, म्हणजे बरंच तिरकं. एलसीडी टीव्हीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, आयपीएस आणि व्हीए हे दोन प्रकार. आमच्या जुन्या व्हीए पॅनेलवर तिथून चेहरे पांढुरके, विटल्यासारखे दिसायचे; समोरून मात्र झकास.

कारण पॅनेलमधल्या द्रवस्फटिकाच्या (लिक्विड क्रिस्टल) रेणूंत आहे. व्हीएमध्ये वीज नसताना ते काचेला काटकोनात उभे असतात, म्हणून काळा रंग गडद. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, साधारण ३०००:१. वीज मिळाली की ते कलतात, आणि कललेला रेणू प्रत्येक बाजूने वेगळा दिसतो. त्यावर उपाय म्हणून एकाच पिक्सेलचे भाग पाडून रेणू वेगवेगळ्या दिशांना कलवतात. फरक पडतो, पण पुरता नाही. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे बाजूनेही रंग फारसे बदलत नाहीत. कॉन्ट्रास्ट मात्र १०००:१ च्या आसपास; अंधारात काळा राखाडी वाटतो.

खोक्यावर बघण्याचा कोन म्हणून छापलेल्या १७८ अंशांवर जाऊ नका. दोन्हींवर तेच छापतात, कारण त्या मापात कॉन्ट्रास्ट १०:१ उरला तरी चालतो. बेळगावला दुकानात गेलात की बाजूला सरकून माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा. घरभर माणसं बसत असतील तर माझं मत आयपीएसलाच. रात्री दिवा मालवून एकट्यानंच बघणार असाल, तर व्हीए घ्या.