दूषित जागेखालचं पाणी तपासायचंय: आधी विहिरी, प्रोब की रेझिस्टिव्हिटी?

एकाच जागेसाठी तीन सल्लागारांकडून कोटेशन मागवलं की बहुतेकदा तीन वेगळीच कामं समोर येतात. एक म्हणतो पाच-सहा निरीक्षण विहिरी घेऊ, दुसरा जमिनीत प्रोब, म्हणजे मोजमाप करणारी सळई, दाबायचं सुचवतो, तिसरा आधी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमीन विजेला किती विरोध करते याची मोजणी, करा म्हणतो. आकडे शेजारी ठेवून स्वस्त ते उचललं तर फसायला होतं, कारण तिघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

विहिरींपासून सुरुवात करू, कारण शेवटी त्या लागतातच. महिन्यामहिन्याला त्याच जागेचं, त्याच खोलीचं पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवायचं तर विहीर हवी. भूजल कुठल्या दिशेला वाहतंय हे कळायलाही एकाच थरात उतरलेल्या, एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. गोम आहे ती स्क्रीनच्या, म्हणजे जाळीदार पाइपच्या लांबीत. समजा स्क्रीन १० मीटरची आहे आणि प्रदूषण त्यातल्या १ मीटरच्या वाळूच्या थरातूनच वाहतंय. त्या थरात ट्रायक्लोरोएथिलीन (ग्रीस काढायचं एक औद्योगिक रसायन) लिटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. सगळ्या उंचीतून पाणी सारखंच येत असेल, तर नमुन्यात भरतील ४. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे ५. म्हणजे मर्यादेच्या आठपट घाण असलेला थर कागदावर पास!

दुसरा धोका खोदकामाचाच. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट. ती खाली उतरत जातात आणि चिकणमातीच्या थरावर साचतात. तो थर कुठे आहे हे न कळता बोअर आरपार नेलं, तर खालच्या स्वच्छ जलधराला (पाणी धरणाऱ्या थराला) वाट आपणच करून देतो. वरचा भाग केसिंग (बोअरमधला पाइप) आणि ग्राउटने (त्याभोवती भरायच्या लगद्याने) बंद करून, मग लहान व्यासाने पुढे खोदणं हा त्यावरचा उपाय. पण केसिंग कुठे थांबवायचं, हे थर माहीत असल्याशिवाय ठरत नाही.

इथे प्रोब कामाला येतो. पोलादी सळई दाबत नेताना टोकाला होणारा विरोध आणि बाजूचं घर्षण मोजलं जातं. त्यावरून वाळू कुठे संपली, चिकणमाती कुठे लागली हे काही सेंटिमीटरच्या बारकाईने दिसतं. बाष्पशील प्रदूषकांसाठी तापवलेला पडदा असलेला प्रोब वापरतात. उष्णतेने सुटलेली वाफ पडद्यातून आत येते आणि वायूच्या प्रवाहाबरोबर नळीतून वरच्या डिटेक्टरपर्यंत पोचते. खोलीनुसार आलेख तिथल्या तिथे उमटतो, त्यामुळे पुढचा प्रोब कुठे टाकायचा हे त्याच दिवशी ठरवता येतं. मला या पद्धतीचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच.

पण आलेखावरचा उंचवटा नेमक्या कुठल्या रसायनाचा, हे हा प्रोब सांगत नाही. फार कमी प्रमाण त्याला जाणवत नाही, आणि जड धातू किंवा नायट्रेट तर मुळीच नाही. खूप दूषित पट्टा ओलांडल्यावर अवशेष नळीत राहतात, म्हणून खालचे आकडे थोडे फुगलेले दिसू शकतात. आणि खडक लागला की प्रोब थांबला.

रेझिस्टिव्हिटीचं थोडक्यात सांगतो. जमिनीला भोक न पाडता मोठा पट्टा बघता येतो, पण खोली वाढेल तसा बारकावा जातो. कचराभूमीतून झिरपणारं खारट पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून ते छान उठून दिसतं. चिकणमातीही तशीच दिसते, त्यामुळे पडताळणीचं एखादं बोअर टाळता येत नाही. पाण्यात विरघळलेली थोडीशी द्रावकं या सर्व्हेला दिसत नाहीत. पुरलेले पाइप आणि केबल असतील तर चित्र आणखी बिघडतं.

मग निवड कशी? मऊ गाळाची जमीन आणि पेट्रोल किंवा द्रावकांचा संशय असेल तर माझा कौल आधी प्रोबला, मग आखूड स्क्रीनच्या, वेगवेगळ्या खोलीच्या विहिरींना. कचराभूमी असेल तर रेझिस्टिव्हिटी, मग विहिरी. धातूंचा संशय असेल तर थर प्रोबने बघा, पण निकाल विहिरीच्या पाण्यावरच लावा. ते पाणी सावकाश उपसून काढा. बेलर (दोरीने सोडून पाणी काढायची नळी) आपटून ढवळलेल्या गढूळ पाण्यात मातीला चिकटलेले धातूही मोजले जातात. कठीण खडकात प्रोब बादच. तिथे रेझिस्टिव्हिटीने भेगाळलेले पट्टे शोधायचे, आणि बोअर घेतल्यावर पॅकर (बोअर मध्येच बंद करणारा फुगीर बूच) लावून एकेका भेगेचं पाणी वेगळं काढायचं. बोअरही उघडं सोडून जायचं नाही, नाहीतर वरचं पाणी खालच्या भेगांत उतरतं.

प्रोबवाला पर्याय घेत असाल तर करारात एक कलम घालून घ्या: विहिरींची संख्या, खोली आणि स्क्रीनची लांबी प्रोबचे आलेख आल्यावरच ठरेल. विहिरींची खोली आधीच पक्की करून मागणाऱ्या सल्लागाराला, ती कशावरून ठरवली, हे विचाराच.